उष्टा उजेड

मूल गावातल्या आमच्या घरी विजेचा पहिला दिवा आला, तेव्हा तो बिघडवण्याचा मान माझा. मी विजेला धानाच्या बांधीतलं पाणी समजले, विळीनं तार कापली आणि सासऱ्यांच्या ओसरीतला उजेड स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. सगळा नेण्याचा इरादा नव्हता. मला फक्त उष्टा हवा होता.

हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे ही गोष्ट सांगताना जो तो मला थोडी शहाणी करतो. नातवंडं तर 'आजीनं त्या काळात वायरिंग केलं' असं सांगत फिरतात. वायरिंग कसलं! तेव्हा मी नुकती सातवी पास होऊन सासरी आले होते, आणि सातवी पास झाल्यावर माणसाला जितकं कळतं तितकं पुढं जन्मात कधी कळत नाही.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणायचे आणि राजधानी नागपूर होती. आमचं घर राईस मिलच्या मागच्या गल्लीत. नवरा तेव्हा नागपूरला शिकत होता. मामाजी, म्हणजे माझे सासरे, मिलमध्ये धान मोजायचे. मिलच्या इंजिनाच्या पट्ट्यावर शेठनं एक डायनामो बसवला होता, त्यावर मिलचे दिवे लागत. धान निघालं की मिल दिवेलागणीनंतरही ठुकठुकत राहायची. शेठची मामाजींवर मर्जी होती. त्यानं भिंतीवरून दोन तारा आमच्या ओसरीत टाकू दिल्या. एक दिवा. एकच, असं बजावून.

मिलच्या मिस्त्रीनं येऊन तो लावला. सगळे त्याला चाचा म्हणायचे. त्यानं आधी आणला होता पंचवीस पावरचा बारकासा बलब, दोन शेपट्या लोंबणाऱ्या साध्या होल्डरात. मामाजींनी तो वरून खालून पाहिला.

"चाचा, हा बलब हाये का बोर हाये?"

"भाऊ, ओसरीले पुरते."

"ओसरीले पुरते, माह्या इज्जतीले पुरत नाई."

मग चांद्याहून साठ पावरचा बलब आला, पितळी होल्डर आला, आणि ते बोर कापसात गुंडाळून कोनाड्यात गेलं. चाचा उरलेला तारेचा तुकडाही तिथंच विसरून गेला. देव जेव्हा एखाद्या मूर्खाला सामान पुरवायचं ठरवतो तेव्हा काही कमी पडू देत नाही.

रोज संध्याकाळी गल्लीतले लोक आमच्या ओसरीत उजेड पाहायला येत. उजेडात काही पाहायला नव्हे, उजेडच पाहायला. मामाजी बटन दाबण्याआधी जोरात खाकरत, म्हणजे दिव्यालाही कळावं की कोण आलं आहे. दिवा लागला की सगळे एकदम "आँ" म्हणत. रोज.

स्वयंपाकघरात मात्र आमची घासलेटची चिमणी होती. तिचा उजेड कमी आणि काजळी जास्त.

आता थोडं माझ्या स्वयंपाकाबद्दल. माझं माहेर पोंभुर्ण्याचं. भावांच्या पाठीवर झालेली एकटी पोरगी, लाडावलेली. मी भाताला हात लावला की त्याची पेज व्हायची, नाहीतर कोळसा. भाताच्या मुलखात असली सून म्हणजे कोळ्याच्या घरी पाण्याला भिणारं पोर. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, पहिल्याच आठवड्यात हे ओळखलं आणि मला चुलीपासून दूर केलं. माझ्याकडे दोन कामं दिली, पाणी भरणं आणि तांदूळ निवडणं.

पाणी मी मनापासून भरत होते, कारण विहिरीवर गप्पा असत. तांदूळ निवडायला मात्र एकटीनं बसावं लागे. दुपारी आत्याबाई शेताकडे गेल्या की मी सूप घ्यायची, वरचे मूठभर तांदूळ नीट निवडायची आणि तेच पुन्हा वर पसरायची. खाली खडे सुखानं नांदत. रात्री जेवताना मामाजींच्या दाताखाली कच्चकन आलं की मी दाराआडून म्हणायची, "मिलचेच तांदूळ हायेत." मिलचा माणूस यावर काय बोलणार? ते दात चाचपत पुढचा घास घेत.

आत्याबाईंच्या ते लक्षात येत नव्हतं. त्या इतक्या चाणाक्ष, मडक्यावरून माशी उडाली तरी कुठली ते सांगतील, आणि खडे कसे दिसत नाहीत? मी याचं श्रेय माझ्या हुशारीला दिलं होतं.

एका संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे पळी मागितली. मी दिली, तर त्यांनी पळीच्या शेजारची हवा धरली. पुन्हा धरली. मग बोटं चालवत चालवत पळीपर्यंत आल्या. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं होतं, आणि आदल्या दिवशी एकदाही पडलं नव्हतं.

"आत्याबाई, तुमाले दिसत नाई का?"

"हळू बोल, भवाने!" त्यांनी आधी दाराकडे कान दिला. मग म्हणाल्या, "दिवस बुडाला का मले कोंबडीसारखं होते. कायी म्हणून कायी दिसत नाई. कोनाले सांगजो नोको."

"पन काऊन? मामाजी दवाखान्यात नेतीन नं."

"दवाखान्यात नेतीन का कोपऱ्यात बसवतीन? माह्या मावशीचं असंच झालं. डोळे गेले म्हनाले, चूल सुनेच्या हाती देल्ली, अन् तिले बसवलं कोपऱ्यात. मरेपावतर बसली. म्या काय करू कोपऱ्यात? भिंत पाहू? ते बी दिसत नाई." आणि तव्याकडे अंदाजानं तोंड करून म्हणाल्या, "चूल गेली का बाईचं घर गेलं, पोरी. मंग ती पाहुनी."

इथं मला त्यांची दया आली असं लिहिणं शोभून दिसलं असतं. दया आली, पण जरा मागून आली. पहिल्यांदा आली ती भीती. चूल सुनेच्या हाती! म्हणजे माझ्या! रोज, दोन वेळा, गल्लीतल्या त्या सगळ्या लोकांच्या देखत! आत्याबाईंची चूल वाचली पाहिजे हे मी त्याच क्षणी ठरवलं, आणि त्यांच्याइतक्याच जिवाच्या आकांतानं ठरवलं.

उपाय समोर लटकत होता. ओसरीत बसलेल्या लोकांना पाहायला काही नव्हतं आणि त्यांच्या डोक्यावर साठ पावर जळत होता. इथं मासोळीचे काटे काढायचे होते आणि उजेडाला होती नुसती चिमणी.

त्या काळी सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नसे. मी दाराआडून, पदर सावरून, चौकटीला सांगितलं, "सैपाकखोलीत एक बलब असता त बरं झालं असतं."

मामाजींनी हातातल्या तांब्याला उत्तर दिलं, "चुलीत जाळ राह्यते. जाळाजवळ बलब कायले? आगीले कंदील दाखवाचा का?"

विषय संपला. मग मी सातवी पासचं डोकं चालवलं.

आमच्या भागात तलावाचं पाणी धानाला कसं मिळतं ते ज्यानं पाहिलं आहे त्याला माझी चूक समजेल. वरची बांधी आधी भरते. ती भरली की तिच्या बांधाला फोड पाडायची, पाणी खालच्या बांधीत उतरतं. ती भरली की तिच्या खालची. एका बांधीचं पाणी पिऊन झालं की दुसरी पिते. घरात जेवणाचीही रीत तीच, आधी पुरुषांची पंगत, मग उरलेल्यावर आम्ही. जगात सगळं असंच चालतं, तर वीज काय वेगळी असणार?

मी ओसरीतल्या बलबाकडे नीट पाहिलं. दोन तारा. एकीतून वीज आत येत असणार, दुसरीतून प्यायलेली वीज बाहेर पडत असणार. ती बाहेर पडलेली वीज परत मिलमध्ये जाऊन फुकटच जात होती! ती जाणारी तार मध्येच कापायची, तिथं माझा बोराएवढा बलब घालायचा, आणि बलबाचं दुसरं टोक पुन्हा त्याच तारेला जोडून द्यायचं. मामाजींचा बलब आधी पोटभर पिणार. उष्टा उजेड माझ्या बलबाला. कुणाचं काही कमी होणार नाही. इतकी आज्ञाधारक चोरी आजवर कुण्या सुनेनं केली नसेल.

दुपारी इंजिन बंद असलं की तार मेलेली असते एवढं मला चाचाकडे पाहून कळलं होतं. आत्याबाई शेतावर, मामाजी मिलवर. मी धानाच्या कणगीवर चढले. ओसरीची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच, आणि ती वर छपराच्या कवेलूंपर्यंत पोचत नव्हती. वरून तार इकडची तिकडे सहज जात होती. जाणारी तार कोणती आणि येणारी कोणती हे कळेना, म्हणून जी हाताला जवळ होती तीच जाणारी ठरवली. विळीवर कापली, दातांनी सोलली, पिळे दिले, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. बलब चुलीच्या वर खुंटीला टांगला आणि दाराच्या बाजूनं त्याच्यापुढे एक सूप अडकवलं, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला नुसतं सूप दिसावं आणि उजेड चुलीच्या जाळाचा वाटावा.

संध्याकाळी लोक जमले. मामाजी खाकरले. बटन खट्ट वाजलं.

कुणी "आँ" म्हणालं नाही.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. साठ पावरच्या त्या भल्या मोठ्या काचेच्या पोटात एक लाल किडा वळवळत होता. बस, तेवढंच. त्याच्या उजेडात त्याला स्वतःलाही काही दिसत नसावं.

"भाऊ," समोरच्या घरातले भाऊ मामाजींना म्हणाले. त्यांची जीभ गल्लीत नावाजलेली होती. "आज बलब लावला का बिडी पेटवून लटकवली?"

"डायनामोचा पट्टा ढिल्ला असन," मामाजी म्हणाले.

"मिल त कशी फक्क जळून राह्यली. तुमच्याच बलबाले कावीळ झाली."

"कावीळ पिवळी राह्यते. हे गोवर हाये," तिसरा कुणीतरी म्हणाला.

मी वळून स्वयंपाकघरात पाहिलं. सुपाआड माझं बोर भरभरून जळत होतं. थोडं पिवळट, पण काय उजेड! ज्याला उष्टं मिळायला हवं होतं तोच ताट चाटूनपुसून बसला होता, आणि घरचा कर्ता उपाशी!

हे का झालं ते मला पुष्कळ वर्षांनी, मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात डोकं घातल्यावर कळलं. एकामागे एक असे दिवे जोडले की आधीचा आणि नंतरचा असा भेदच उरत नाही. दोघांतून वाहणारी वीज तेवढीच असते, आणि तिच्यामागचा जोर दोघांना वाटून घ्यावा लागतो. वाटणी बरोबरीची नसते. पंचवीस पावरच्या बलबातली तार साठवाल्याच्या तारेपेक्षा वीज जास्त अडवते, आणि जो जास्त अडवतो त्याच्याच वाट्याला जास्त जोर येतो. मोठा बलब फारसा अडवत नाही, म्हणून त्याला फारसं काही मिळत नाही. सासरी राहिलेल्या बाईला हे पुस्तकात वाचायची खरं तर गरज नव्हती.

पण त्या संध्याकाळी मी फक्त बघत उभी होते. आत्याबाई चुलीशी बसल्या होत्या, हातात पळी, मान वर.

"अवं," त्या कुजबुजल्या, "हे काय पेटवलंस?"

"उजेड हाये, आत्याबाई. उरलेला."

त्यांनी आधी चूल पाहिली. मग मिठाचं मडकं जवळ ओढून त्यात डोकावल्या, जणू मीठ अजून पांढरंच आहे का याची खात्री करत होत्या. मग स्वतःचे हात पुढे धरले, उलटे सुलटे केले.

"माह्या हाताले एवढ्या सुरकुत्या कवा पडल्या?" त्या म्हणाल्या, आणि लगेच, "अन् ह्या मडक्याले तडा गेला हाये. हे कोनी फोडलं?"

मडकं मीच आपटलं होतं. तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं. झाले नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी एक शोध लागला. खुंटीवरचं बोर होल्डरात फिरवून जरा ढिलं केलं की ओसरीतला लाल किडाही मरायचा. घट्ट केलं की दोन्ही जिवंत. एकाच वाटेवरचे दोघं, एकानं वाट सोडली की दुसऱ्याचीही बंद. हे कळल्यावर मी काय केलं असेल ते सांगायलाच हवं का?

पुरुष मंडळी ओसरीत बसली की उठायची नाहीत. भात निवून जायचा. आत्याबाई म्हणायच्या, "हे लोक जेवाले उठत कसे नाईत?" मी पदर हाताला गुंडाळून बलब एक वळसा फिरवायची. ओसरीत काळोख. "चला, गेली आज लवकर," असं म्हणत मंडळी उठून घरोघर जायची, मामाजी हात धुवायला यायचे, तोवर आमची चिमणी पेटलेली असायची आणि पानं मांडलेली. आत्याबाई तोंडात पदर कोंबून हसायच्या. मी त्यांना इतकं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. एकदा तर त्याच म्हणाल्या, "समोरचा भाऊ लय बोलून राह्यला. दे बरं त्याले एक फिरकी."

असे काही दिवस मजेत गेले. मजा आमची, फजिती मामाजींची. आता लोक उजेड पाहायला येत नव्हते, गोवर झालेला बलब पाहायला येत होते. मामाजींनी बटन दाबण्याआधी खाकरणं सोडलं. एका सकाळी ते भाकर मोडता मोडता तांब्याला म्हणाले, "उद्या चाचाले बलावलं हाये. दुरुस्त झाला त झाला. नाई त तारच काढून घे म्हनतो. आपला कंदील बरा. कोनी हसत त नाई."

तार गेली की दोन्ही दिवे गेले. एकच रस्ता होता, चाचा यायच्या आत माझं सगळं सामान उतरवायचं. मग ओसरी उजळली असती, मामाजींची मान वर झाली असती, आणि आत्याबाई पुन्हा कोंबडी झाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कणगीवर चढले. विळी हातात. तेवढ्यात आत्याबाई तलावाकडून आल्या. हातातल्या टोपलीत ताज्या मासोळ्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. मी कशाला चढले ते त्यांना सांगावं लागलं नाही.

त्यांनी टोपली खाली ठेवली. "काढून राह्यली का?"

"चाचा येनार हायेत नं, आत्याबाई. नाई काढलं त सगळंच जाईन."

त्यांनी टोपलीतली एक मासोळी उचलून पाहिली. मग म्हणाल्या, "काढाचं त हायेच. पन आज काट्याच्या मासोळ्या हायेत. आजच्या पुरतं राहू दे. चाचा कोनता वक्ताले येते!"

त्या दिवशी चाचा वक्तावर आला. वक्ताच्याही आधी. इंजिन ठुकठुकायला लागलं आणि मामाजींच्या मागोमाग चाचा ओसरीत शिरला, आणि त्यांच्या मागोमाग सगळी गल्ली.

बटन खट्ट. लाल किडा.

"बलब खराब हाये," चाचानं निदान केलं. त्यानं मिलमधून आणलेला दुसरा बलब लावला. लाल किडा. "होल्डर खराब." होल्डर झटकला, फुंकला. लाल किडा. तो स्टुलावर उभा राहून तारेवर हात फिरवत फिरवत भिंतीच्या माथ्याकडे निघाला. मी फटीतून ते पाहिलं आणि घाबरून सुपामागं हात घालून बलब ढिला केला.

"अरे! गेली!" चाचा ओरडला.

म्हणजे आता त्याला भलताच संशय येईल! मी बलब घट्ट केला.

"आली!"

ढिला करावा की घट्ट, मला कळेना. बोटं भाजत होती.

"गेली! अरे आली! भाऊ, ह्या तारेत जिन हाये का काय?"

"भुताटकी हाये, चाचा," समोरचे भाऊ म्हणाले. "उतर खाली. लेकराबाळाचा मानूस तू."

"थांब, मी चिमनी आनतो," मामाजी म्हणाले, आणि चिमणी न्यायला थेट स्वयंपाकघरात आले.

घाईत माझा धक्का लागून सूप खाली पडलं. खुंटीवर बोर लखलखत होतं. त्याच्याखाली आत्याबाई मासोळीचा काटा काढत बसल्या होत्या आणि मी एक हात तोंडात घालून, भाजलेली बोटं चोखत उभी होते.

मामाजींनी बलबाकडे पाहिलं. तार कुठून येते ते पाहिलं. मग जन्मात पहिल्यांदा तांब्याला नाही, चौकटीला नाही, सरळ मला विचारलं, "हे काय हाये?"

"बलब," मी म्हटलं. सातवी पास.

"बलब हाये ते दिसून राह्यलं मले!"

"तुमाले दिसते," आत्याबाई म्हणाल्या. "मले नाई दिसत."

त्या उठल्या नाहीत. मान खाली, बोटांत काटा. "दिवस बुडाला का मले नाई दिसत. लय दिवस झाले. इनं माह्यासाठी लावला. बोलाचं त मले बोला, पोरीले नोका बोलू." मग काटा राखेत टाकला. "अन् आता चूल इच्या हाती देत असान त देऊन टाका. एकदाचं होऊन जाऊ द्या."

बाहेर चाचा विचारत होता, "भाऊ, चिमनी?" मामाजींनी ऐकलं नाही. ते उंबऱ्यावर बसले. मासोळ्यांच्या टोपलीकडे पाहत राहिले. एवढे दिवस त्यांच्या ताटात पडलेल्या मासोळ्यांत एक काटा कधी आला नव्हता. बोटांनी चाचपून, अंधारात, एकेक काढलेला. ते त्यांना तिथं बसल्या बसल्या कळलं असावं.

ते म्हणाले, "इच्या हाती? इच्या हातचा भात म्या खाल्ला हाये एक डाव." माझ्याकडे बोट. "तवापासून मले कोनतं बी संकट मोठं वाटत नाई. चूल तुही हाये. म्या तुले मांगितली का कवा?"

मी मान खाली घातली. अपमान झाला होता, आणि इतका गोड अपमान माझा पुन्हा कधी झाला नाही.

मग ते ओसरीकडे तोंड करून ओरडले, "चाचा! इथी बी एक दिवा टाकून दे!"

चाचा दारातून डोकावला. त्यानं बोर पाहिलं, तार पाहिली, माझी ट्यूबची पट्टी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "इथी त टाकेलच हाये, भाऊ. तोच त रोग हाये. या अल्ला, बाई, ये क्या कर डाला तुमने!"

मामाजींनी शेठला दुसऱ्या दिव्याबद्दल काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा तारेचं वेटोळं घेऊन आला, आणि मी कणगी धरून उभी राहिले. त्यानं माझी करामत आधी सगळी उपटली. मग मिलकडून येणाऱ्या दोन्ही तारांना, ओसरीच्या बलबाच्या अलीकडेच, दोन वेगळे फाटे जोडले आणि ते स्वयंपाकघरात आणले.

"चाचा, पाटाचं पानी हे," मी न राहवून म्हटलं. "वरच्या बांधीतून खालच्या बांधीत नाई. हरेक बांधीले पाटावरून पानी घ्याची आपआपली मोरी."

"मोरी बिरी मले समजत नाई," चाचा तोंडातल्या खिळ्यांमधून म्हणाला. "हरेक बलबाले आपल्या दोन तारा पायजे. मंग एक मेला त दुसरा रडत नाई."

मला त्या जोडणीचं फारसं कौतुक वाटलं नाही, खरं सांगते. आता प्रत्येकाला पुरा जोर. ओसरीचं बटन ओसरीपुरतं, आमचं आमच्यापुरतं. न्याय झाला, पण समोरच्या भाऊंना फिरकी द्यायची सोय गेली. आजही कुठं घरात एक बटन दाबल्यावर एकच दिवा विझतो तेव्हा मला वाटतं, किती शहाणी रचना आणि किती कंटाळवाणी!

त्या संध्याकाळी मामाजी खाकरले. बटन खट्ट वाजलं, आणि गल्लीनं "आँ" म्हटलं. बऱ्याच दिवसांनी म्हटलं म्हणून जरा लांबवून म्हटलं. साठ पावर पहिल्यासारखा फक्क.

मग मी आमचं बटन दाबलं. बोर आता खुंटीवर नव्हतं, आढ्याला मधोमध होतं, आणि पुऱ्या जोरानं पेटलं. चूल दिसली, फडताळ दिसलं, मोरीपाशी पाण्याचा हंडा दिसला. जिथं आजवर चिमणीचा उजेड पोचला नव्हता आणि चुलीवर टांगलेल्या बोराचाही पोचला नव्हता, तो कोपराही दिसला. तिथं मी रोज निवडलेल्या तांदळाचं सूप ठेवायची.

आत्याबाई माझ्याकडे पाहून हसल्या. पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता आशीर्वाद. मी पदर डोक्यावर ओढून वाकायच्या तयारीतच होते. त्यांनी वाकून तांदळाचं सूप उचललं, दिव्याखाली आणलं, वरची मूठ बाजूला सारली आणि खालची मूठ तळहातावर घेऊन बोटानं पसरली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या,

"आता मले सगळं दिसून राह्यलं, पोरी. हे तांदूळ तूनंच निवडले नं? घे सूप, अन् बस दिव्याखाली."